मालन मावशीची सुई

"सुई लावायची न्हाई," असं म्हणून अण्णा खुर्चीवरून उठलेच.

डॉक्टर इनामदारांचं बोट अजून पडद्यावर होतं. पडद्यावर माझ्या सासूबाईंचं यकृत होतं, राखाडी, आणि त्यात काळपट ठिपके. आई स्वतः बाहेर बाकावर होत्या, माझ्या रेवाला मांडीवर घेऊन. आत लहान मूल चालत नाही, तुम्ही जरा धरा, असं सांगून अण्णांनीच त्यांना बाहेर बसवलं होतं. दाराच्या काचेतून मला रेवाचं टोपडं तेवढं दिसत होतं. टोपडं हललं की माझा जीव भांड्यात पडायचा, मग मी पुन्हा पडद्याकडे बघायची.

अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. सासरे अचानक गेले तेव्हा ते कॉलेजात होते. कॉलेज सोडून त्यांनी इचलकरंजीतले आमचे यंत्रमाग हातात घेतले, धाकट्या भावाला म्हणजे रणजितला शिकवलं, त्याचं माझ्याशी लग्न लावून दिलं, आईंना तर तळहातावर ठेवलं. त्यांचा शब्द मोडायची घरात कुणाला सवय नव्हती. रणजितही मिरजेच्या त्या खोलीत माझ्याशेजारी उभा राहून मोबाईलचं कव्हर काढत होता, घालत होता.

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पाच वर्षांपूर्वी आईंच्या छातीतली गाठ त्यांच्याच दवाखान्यात काढली होती. ती गाठ बाईच्या शरीरातल्या एका हार्मोनवर जगणारी होती, म्हणून तो पुरवठा तोडणारी गोळी आई तेव्हापासून रोज घेत होत्या. गोळी एक दिवस चुकलेली नाही, तरी यकृतात ठिपके आले. म्हणजे तिथल्या पेशींना आता गोळीचं काही वाटेनासं झालंय. सुईनं तिथला एक कण काढून बघितल्याशिवाय पुढचं औषध ठरवायचं म्हणजे अंदाजपंचे काम.

"रोगाचं नाव कळलंय की," अण्णा म्हणाले. "परत काय बघायचं त्यात?"

"रोग तोच असेल. पेशी त्याच राहिल्या असतील असं नाही."

"डॉक्टर, आमच्या मालन मावशीला सुई लावली होती. चालती-बोलती बाई, दोन महिन्यांत संपली. आईची गाठ सुई न लावता तुमी अख्खी काढली, म्हणून आज ती बाहेर नात खेळवत बसलीया. अंदाजानं औषध द्या, आमची तक्रार न्हाई. पण टोचायचं न्हाई."

मालन मावशी आईंची सख्खी बहीण, कर्नाटकात रबकवीला दिलेली. मी तिला फक्त फोटोत पाहिलं होतं, पण तिची सुई आमच्या घरात माझ्या लग्नाआधीपासून राहायला होती. कुणाच्या पाठीवर चरबीची गाठ आली तरी कुणीतरी म्हणायचंच, डॉक्टरकडं जा, पण सुई लावून घेऊ नकोस.

शेवटी डॉक्टर म्हणाले की जुन्या ऑपरेशनचा तुकडा मेणाच्या वडीत जपून ठेवलेला असतो, ती वडी पुण्याला एका जाणत्या पॅथॉलॉजिस्टकडे नेऊन नव्यानं तपासून घेता येईल. मात्र त्यानं काम भागणार नाही. अण्णांनी वाक्याचा पहिला भाग ऐकला आणि हात जोडले.

आईंना बाहेर येऊन सांगितलं, लिव्हरला थोडी सूज आहे. आईंनी अण्णांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रेवाला माझ्या हातात देत म्हणाल्या, "हिचा श्वास मी मोजून ठेवलाय, तू परत मोजू नकोस."

रेवा झोपली की मी तिच्या नाकापुढं बोट धरून बघायची. त्यावरून घरात माझी चेष्टा चालायची. आता माझं बघणं आईंकडेही वळलं. त्या भात थोडा कमी वाढून घ्यायला लागल्या होत्या. बोलता बोलता तळहात पदराला घासायच्या. मी चहा देताना त्यांच्या डोळ्यांतलं पांढरं बघायची, पिवळं दिसतंय का म्हणून. एकदा त्यांनी पकडलंच.

"काय बगतीस गं? डोळ्यात काजळ न्हाई घातलेलं मी."

"काही नाही आई."

"पुण्याला कधी जाणार मग माझी वडी?" त्या म्हणाल्या. "माझ्या आधी माझा तुकडाच हिंडून येतोय, बघ. त्याला सारसबाग दाखव."

आईंनाही जुन्या गाठीचं नाव माहीत होतं. नवीन ठिपक्यांचं काय ते फक्त त्यांच्यापासून झाकलं होतं. पुण्याला माझं माहेर, तेव्हा जाणं माझ्याकडेच आलं. दवाखान्यातून मिळालेली वडी अंगठ्याएवढी होती, प्लास्टिकच्या जाळीदार डबीत बसवलेली. उन्हात ठेवू नका, वितळेल, एवढंच त्यांनी बजावलं, पण मला तेवढं पुरे होतं. रेवाच्या पिशवीत कोमट पाण्याची बाटली होती म्हणून मी वडी त्या पिशवीतून काढून पर्समध्ये ठेवली. मग पर्स खिडकीशी आहे म्हणून मांडीवर घेतली. मग मांडीवर रेवा, तिच्या अंगाची ऊब लागेल म्हणून पुन्हा हलवली. बस साताऱ्याच्या पुढं जाईपर्यंत माझं हेच चाललं होतं.

पुण्यात डॉक्टर वसुधा परचुरे यांच्या टेबलावर दोन माणसांना एकाच वेळी बघता येईल असा मायक्रोस्कोप होता. मी आदल्या दिवशी पोचवलेल्या वडीचा पातळ काप त्यांनी तेव्हाच करून घेतला होता. मी मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. केलंय असं म्हटल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. रेवा माझ्या खांद्यावर झोपली होती. तिला एका हातानं सावरत मी खाली डोळा लावला.

गुलाबी रंगावर जांभळे ठिपके होते. बहुतेक विस्कटलेले, पण मधूनमधून त्यांनी गोल धरले होते, मध्ये मोकळी जागा ठेवून, फेर धरल्यासारखे.

"गोल दिसले? दुधाच्या नळीतल्या पेशी अशा बसतात," त्या म्हणाल्या. "या बिघडलेल्या आहेत, पण आपण कुठल्या घरच्या हे अजून त्यांच्या लक्षात आहे. म्हणून त्या गोळीचं ऐकत होत्या."

रेवाची पाजायची वेळ टळून गेली होती आणि माझी छाती भरून दुखत होती. मी डोळा काढला नाही.

पुढं त्या जे बोलल्या ते मी परतीच्या बसमध्ये मनात घोकत आले. गोळीनं उपासमार होते तेव्हा बऱ्याच पेशी मरतात. थोड्या मात्र जुनी रीत सोडून देतात. शेजारणीचा हात सोडतात, गोल मोडतात, लांबुळक्या होऊन वाट काढत जातात. दुसऱ्या अवयवात पोचल्या की पुन्हा ठाण मांडतात, पण तोवर त्यांचा स्वभाव पालटलेला असू शकतो. ज्यावर जगत होत्या ते त्यांना लागत नाही, दुसरंच काहीतरी लागतं. असं सगळ्यांच्यात होतं असं नाही. कुणाच्यात झालं आणि कुणाच्यात नाही, हे बाहेरून कळत नाही.

"आणि या वडीतल्या?" मी विचारलं होतं.

"त्या मेणात बसल्यात. त्या कशाला बदलतील? मी यावर हव्या तेवढ्या तपासण्या करीन. उत्तर पाच वर्षांपूर्वीचंच येणार."

मग मी सुईचं विचारलं. माझी तयारी होती की त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. सुईमुळं रोग पसरणं जवळजवळ कधी घडत नाही, असं म्हणाल्या, आणि चष्मा काढून पुसता पुसता त्यांनीच मला विचारलं, "तुमच्या मावशींना सुई लावली तेव्हा रोग कुठवर गेला होता, हे घरात कुणाला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. आम्ही कुणी ते कधी विचारलंच नव्हतं.

तपासणीचं उत्तर त्या म्हणाल्या तसंच आलं, जुनंच. मी अण्णांना सगळं सांगितलं, गोल, हात सोडणं, स्वभाव पालटणं. मागांच्या आवाजात मला ओरडून सांगावं लागत होतं, आणि असल्या गोष्टी ओरडून सांगितल्या की खोट्या वाटायला लागतात. अण्णांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे वडीत नवीन काय निघालं न्हाई. चांगलंच की मग. डॉक्टरला म्हणावं, गोळी बदलून द्या."

रणजितला मी त्या दिवशी खूप बोलले. तो म्हणाला, अण्णांच्या मनाविरुद्ध सुई लावली आणि आईला काही झालं तर अण्णा तुला जन्मभर माफ करणार नाहीत, मलाही नाही. यात खोटं काही नव्हतं. मला तीच भीती होती. त्यात आईंना सांगायचं नाही अशी अण्णांची ताकीद: आई हबकणारी बाई आहे, पाच वर्षांपूर्वी नाव कळल्यावर त्यांनी अन्न सोडलं होतं, परत तेच होईल.

आमच्या घरात हळू आवाजात काही बोलायचं तर लाईट जायची वाट बघावी लागते. घराच्या मागंच मागांचं शेड, भिंत एक. दोन दिवसांनी दुपारी लाईट गेली, सगळे माग एकदम थांबले, कामगार बाहेर चहाला गेले. आई सोप्यात रेवाला पायांवर घेऊन तेल लावत होत्या. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. सूज नाही, ठिपके आहेत. छातीतलंच तिकडं गेलंय. डॉक्टरांना सुई लावायची आहे आणि अण्णा नको म्हणतायत.

आईंचे हात रेवाच्या पोटरीवर तसेच फिरत राहिले. हबकणं वगैरे काही झालं नाही.

"लिव्हरला, व्हय?" त्या म्हणाल्या. "वाटलंच मला. मालनचे पण तळवे असेच खाजायचे."

"सुई लावल्यावर?"

शेडमध्ये कुणीतरी बादली ठेवली तेवढा आवाज आला.

"आई, मावशींचे तळवे सुईच्या आधी खाजायचे का नंतर?"

"तू लई विचारतीस," त्या म्हणाल्या. मग रेवाला उचलून त्यांनी मांडीवर बसवलं. "सांगतो. पण हिच्या डोक्यावर हात ठेव आदी. मी जिवंत असेपर्यंत कुणाला बोलणार न्हाईस म्हण."

इकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखं 'जातो, येतो, सांगतो' बोलतात, मला आता ते खटकतही नव्हतं. पण रेवाच्या डोक्यावर हात माझ्याच्यानं ठेववेना. मी शिकलेली आहे, शपथेनं काही होत नाही हे मला कळतं, तरी हात पुढं जाईना.

आई हसल्या. "बरं बाई. माझ्या डोक्यावर ठेव. माझं काय उरलंय."

मी ठेवला. तेलकट, विरळ केस, खाली गरम कातडी.

मालन मावशीला गाठ लागली ती तिच्या सुरेखाचं लग्न ठरत होतं तेव्हा. स्थळ चांगलं होतं. मुलीच्या आईला असला रोग आहे म्हटल्यावर लोक म्हणाले असते, घराण्यातच आहे, उद्या मुलीला होईल. मावशीनं फक्त आईंना गाठ हाताला लावून दाखवली होती, आणि शपथ घातली होती. लग्न झालं. मग सुरेखाला दिवस गेले. मग मूल होईपर्यंत कशाला, असं झालं. गाठ ब्लाऊजच्या आत पिकत गेली. शेवटी डोळे हळदीसारखे झाले, पोट फुगलं, तेव्हा तिला सांगलीला आणली, आणि तिथं सुई लावली.

"सुईच्या आदीच ती संपलेली होती," आई म्हणाल्या. "जमलेल्या बायका म्हणाल्या, सुईनं घात केला. मी म्हटलं, असू दे. सुईला लेकरंबाळं हायत व्हय? सुरेखीला कळलं असतं की आई माझ्या लग्नापायी गप बसली, तर ती पोर संसार करू शकली असती का? अजून येते ती दिवाळीला. आईची आठवण काढून रडते, सुईला शिव्या घालते, मोकळी होते."

"पण अण्णा..."

"त्याला सांगितलं तर तो सुरेखीला सांगणार. त्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. तो तिचा भाऊ हाय, त्याला वाटंल खरं ते सांगावं." त्यांनी रेवाची तेलानं चमकणारी पावलं एकमेकांवर आपटली. "हे माझ्यापाशीच ऱ्हायचं होतं. तू विचारलंस म्हणून गेलं."

मी म्हटलं, मग तुम्ही सुई लावून घ्या. डॉक्टर बाई म्हणाल्या ते, स्वभाव पालटल्याचं, मी त्यांना हळू आवाजात पुन्हा सांगितलं. त्यांनी मध्येच विचारलं, पालटल्या असल्या तर औषध असतंय का? मी म्हटलं, असतं कधी कधी. नसतंही. पण बघितल्याशिवाय कसं कळणार? तेवढ्यात लाईट आली, माग एका झटक्यात सुरू झाले आणि रेवा दचकून रडायला लागली.

जेवताना आईंनी अण्णांना सांगितलं. एवढंच म्हणाल्या, "परवा मिरजेला जायचं. मी सुई लावून घेणार हाय."

अण्णांचा घास हातात राहिला. त्यांनी आधी रणजितकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आईला कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हणाले.

"मालन मावशीचं तुला काय माहीत हाय? तू बघितलंस? मी बघितलंय. मी होतो तिथं." त्यांचा आवाज फाटला. "उद्या आईला काय झालं तर तू जबाबदारी घेतीस?"

त्या क्षणी माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. एक वाक्य बोलले असते की अण्णांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं, आणि माझ्याही. आई ताटाकडे बघत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, मला खूण केली नाही, काही नाही.

"घेते," मी म्हणाले.

"तिला कशाला इचारतोस," आई म्हणाल्या. "पोट माझं हाय. आमटी वाढ गं."

मिरजेला अण्णा आले नाहीत. निघताना ते शेडमध्ये होते. रणजितनं गाडी काढली. आईंना सोनोग्राफीच्या खोलीत नेलं आणि मी दाराबाहेर रेवाला कडेवर घेऊन फेऱ्या मारत राहिले. जबाबदारी घेते म्हणणं सोपं होतं. आता मला वाटायला लागलं की आईंनी मावशीची गोष्ट मला धीर यावा म्हणून तर रचली नसेल? हळदीसारखे डोळे, ते खरंच आधी होते? आणि समजा खरं असलं, तरी सुईनं रक्तस्राव झाला तर? मी नर्सला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला वळले तर जिन्यावर अण्णा उभे होते. शर्टाला कापसाची तुसं तशीच चिकटलेली, मागावरून उठून मोटरसायकलवर आलेले. माझ्याशी बोलले नाहीत. रेवाला मात्र माझ्या कडेवरून काढून घेतलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

आईंना संध्याकाळपर्यंत उजव्या कुशीवर निजवून ठेवलं. काही झालं नाही.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर इनामदारांनी तो दोनदा वाचला. गोळी ज्या हार्मोनचा पुरवठा तोडायची तो ज्या दारातून आत शिरायचा, ते दार यकृतातल्या पेशींनी बंदच केलं होतं. गोल वगैरे कुठं उरले नव्हते. आणि पाच वर्षांपूर्वीच्या वडीत जी अजिबात नव्हती अशी दुसऱ्याच तऱ्हेची दारं त्यांच्या अंगावर आता दाट होती. "गोळी बदलून दिली असती तर काही उपयोग झाला नसता," डॉक्टर म्हणाले. "या नव्यावर इंजेक्शन आहे. किती दिवस ऐकतील सांगता येत नाही. या पुन्हा पालटू शकतात."

अण्णांनी विचारलं, "पुन्हा पालटल्या तर पुन्हा सुई?"

"हो."

"लावू," अण्णा म्हणाले.

इंजेक्शनं सुरू झाली. केस गेले, तोंड आलं, आई चिडचिड्या झाल्या, आणि पुढच्या स्कॅनला ठिपके आकसले होते. त्या रेवा शाळेत जायला लागेपर्यंत होत्या. मध्ये एकदा पुन्हा सुई लागली, तेव्हा अण्णांनीच गाडी काढली. आता आई नाहीत, म्हणजे माझी शपथही संपली. अण्णा सुताचा भाव सोडून काही वाचत नाहीत, आणि सुरेखाताईंना बोलायला मराठी येत असलं तरी वाचायला कन्नडच येतं. म्हणून लिहायचं धाडस.

आकसलेल्या ठिपक्यांची बातमी कळल्यावर सुरेखाताई रबकवीहून आल्या होत्या, कडक भाकऱ्यांची चळत फडक्यात बांधून. आईंच्या डोक्याला रुमाल होता. तो बघून त्या आधी रडल्या, मग हसल्या, मग आईंच्या कॉटवर चढून बसल्या. अण्णा समोरच्या खुर्चीवर. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे तेच त्यांनी सुरेखाताईंना सांगितलं, की माझी आई त्या सुईला पण पुरून उरली. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर इतका अभिमान असायचा की मी तिथून उठून जायची. त्या दिवशी उठता आलं नाही, रेवा माझ्या मांडीवर झोपली होती.

सुरेखाताईंनी आईंचा हात हातात घेतला.

"मावशी," त्या म्हणाल्या, "माझ्या आईला ती सुई लावली नसती, तर ती अजून असती का गं?"

मी आईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"असती की," आई म्हणाल्या. "तुझी पोरं खेळवत बसली असती."